मासेमारीबंद समुद्रक्षेत्रांमुळे खरंच मासळी वाढते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सागरी राखीव क्षेत्रांबद्दल बोलायला गेले की किनाऱ्यावर दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, जागा बंद करा म्हणजे समुद्र आपोआप भरेल. दुसरा म्हणतो, हे सगळे आमच्या पोटावर पाय देण्याचे उद्योग आहेत. गेल्या पन्नास वर्षांत जगभर अशी क्षेत्रे राखली गेली आणि त्यांचे मोजमापही झाले. त्यातून जे कळले ते या दोन्ही सुरांपेक्षा वेगळे आहे. मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची जमतील तितकी सरळ उत्तरे इथे देत आहे.

राखीव क्षेत्र म्हणजे नेमके काय?

समुद्राचा असा तुकडा, जिथे कोणीही, कोणत्याही साधनाने, वर्षाच्या कोणत्याही दिवशी मासळी धरायची नाही. गरी नाही, पाग नाही, बोटीमागे ओढायचे ट्रॉल जाळे नाही, शेवंडाचा सापळाही नाही. 'सागरी संरक्षित क्षेत्र' हा शब्द याहून खूप सैल आहे. नकाशावर संरक्षित म्हणून रंगवलेल्या कित्येक जागांत मासेमारी राजरोस चालते, काही ठिकाणी तर ट्रॉलिंगसुद्धा. दोन्ही प्रकार एकाच मापाने मोजल्यामुळे बराच गोंधळ होतो. या पानावर मी पूर्ण बंद क्षेत्राबद्दल बोलतो आहे.

पावसाळ्यात बंदी असतेच की. मग वेगळी जागा कशाला राखायची?

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै, म्हणजे 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. ती हवीच. पण त्या बंदीतून वाचलेला मासा ऑगस्टमध्ये फक्त दोन महिन्यांनी मोठा झालेला असतो, आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्यासमोर जाळे येते. हंगामी बंदीने माशाला उसंत मिळते, म्हातारे होण्याची संधी मिळत नाही.

आणि माशाच्या बाबतीत वय हाच खरा ऐवज आहे. मेक्सिकोच्या आखातातल्या तांबड्या स्नॅपरचा, म्हणजे आपल्या तांबोशीच्या भाऊबंदाचा, एक हिशोब मत्स्यशास्त्रात फार प्रसिद्ध आहे. 61 सेंटीमीटर लांबीची एक मादी जितकी अंडी घालते तितकी अंडी घालायला 42 सेंटीमीटरच्या 212 माद्या लागतात. लांबी दीडपटसुद्धा नाही, आणि अंड्यांचा फरक दोनशे पटींचा! वजन लांबीच्या घनाने वाढते आणि अंडी वजनापेक्षाही झपाट्याने. माझी आजी भरल्या गाभोळीचा मोठा मासा चिरताना हात थोडा थांबवायची आणि म्हणायची, 'ही वाचली असती तर गाव जेवला असता.' आकडे तिला ठाऊक नव्हते, पण हिशोब बरोबर होता. अशा मोठ्या माद्या पुरेशा संख्येने टिकण्याची सर्वांत भरवशाची जागा म्हणजे वर्षानुवर्षे बंद ठेवलेले पाणी.

आत मासे वाढतात याला पुरावा काय?

हा सगळ्यात पक्का भाग आहे. जगभरच्या पूर्ण बंद क्षेत्रांवरचे शंभराहून अधिक अभ्यास एकत्र करून 2009 मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात आतल्या जिवांचे एकूण वजन, ज्याला जैवभार म्हणतात, सरासरी 446 टक्क्यांनी जास्त निघाले. माशांची संख्या 166 टक्क्यांनी, आकार 28 टक्क्यांनी आणि प्रजातींची विविधता 21 टक्क्यांनी अधिक होती. सरासरीच्या पोटात अपयशेही असतात, हे लक्षात ठेवून हे आकडे वाचावेत.

मेक्सिकोतल्या काबो पुल्मोचे उदाहरण मला विशेष प्रिय आहे. एका छोट्या मासेमारी वस्तीच्या आग्रहाने 1995 मध्ये 71 चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान झाले. कायद्याने त्यातला जेमतेम एकतृतीयांश भाग पूर्ण बंद होता. पण गावकऱ्यांनी सगळेच बंद मानले आणि स्वतः राखण केली. 1999 ते 2009 या दहा वर्षांत तिथला माशांचा जैवभार 463 टक्क्यांनी वाढला. मोठे शिकारी मासे आणि शार्क परत आले.

पण ती जागा मुळातच चांगली असेल तर? चांगली जागा निवडायची आणि मग श्रेय बंदीला द्यायचे, असे होत नाही का?

होते. म्हणूनच नुसती 'आत इतके, बाहेर तितके' ही तुलना पुरत नाही. बंदीच्या आधीची मोजणी हवी, नंतरची हवी, आणि शेजारची न राखलेली जागाही त्याच काळात मोजलेली हवी. असे अभ्यास कमी आहेत. पण एक घटना अशी घडली, की मुद्दाम आखलेल्या प्रयोगालाही जमणार नाही इतके लख्ख उत्तर मिळाले. ती सविस्तर सांगतो.

फिलिपिन्समधल्या सेबू बेटाच्या टोकाशी सुमिलोन नावाचे इवलेसे बेट आहे. 1974 मध्ये सिलिमन विद्यापीठाचे जीवशास्त्रज्ञ एंजेल अल्काला यांच्या पुढाकाराने बेटाभोवतालच्या प्रवाळ खडकापैकी साधारण पाव भाग बंद झाला. उरलेल्या पाऊण भागात स्थानिक मच्छीमार मासेमारी करत राहिले आणि त्यांची मिळकत नोंदली गेली. पुढे स्थानिक राजकारण बदलले, राखण मोडली आणि 1984 पासून बंद भागातही जाळी पडू लागली. तिथे सुरुंगाने आणि मुरो-आमी नावाच्या, प्रवाळ फोडणाऱ्या पद्धतीनेही मासेमारी झाली.

साधा हिशोब काय सांगतो? आधी पाऊण खडकावर मासेमारी होती, आता पूर्ण खडकावर. म्हणजे मासळी वाढायला हवी. झाले उलटे. 1985-86 मध्ये पुन्हा मोजणी झाली तेव्हा संपूर्ण बेटाची एकूण मिळकत जवळजवळ निम्म्यावर आली होती. जागा जास्त, मासळी कमी. बंद पाव भाग उरलेल्या पाऊण भागाला पोसत होता, हे त्याची राखण मोडल्यावर कळले.

याच काळात जवळच्या आपो बेटावर गावकऱ्यांनी 1982 पासून खडकाचा सुमारे दहावा हिस्सा बंद ठेवला होता. त्यांच्याकडे राखण मोडली नाही. तिथे मोठे शिकारी मासे वर्षामागून वर्षे वाढत राहिले, आणि पुढे हद्दीला लागून दोन-अडीचशे मीटरच्या पट्ट्यात बाहेरही मासे जास्त दिसू लागले. दोन शेजारी बेटे, एकाच शास्त्रज्ञाची प्रेरणा, सारखेच पाणी. फरक होता तो राखणीत सातत्य असण्या-नसण्याचा. अल्काला यांना 1992 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माझ्या मते सुमिलोनची फसगत जशीच्या तशी नोंदवून ठेवली, हे त्यांचे सर्वांत मोठे देणे आहे.

आत वाढले ते ठीक. बाहेर होडी घेऊन जाणाऱ्याच्या जाळ्यात काय पडणार?

मच्छीमाराचा खरा प्रश्न हाच आहे. बाहेर फायदा दोन वाटांनी पोचतो.

पहिली वाट मोठ्या माशांची. आत दाटी झाली की काही मासे हद्दीबाहेर सरकतात. कॅरिबियनमधल्या सेंट लुसिया बेटावर सूफ्रिएर इथे 1995 मध्ये मासेमारीच्या जागेचा सुमारे 35 टक्के भाग बंद झाला. पाच वर्षांच्या आत उरलेल्या भागात मोठ्या सापळ्यांची मिळकत 46 टक्क्यांनी आणि छोट्या सापळ्यांची 90 टक्क्यांनी वाढली. स्पेनच्या कोलुम्ब्रेतेस बेटांजवळ 1990 पासून शेवंडांसाठी पाणी बंद आहे. तिथे खुणेचे बिल्ले लावून सोडलेल्या शेवंडांचा पाठपुरावा झाला. बंद जागेमुळे गेलेली मिळकत वजा केल्यावरही मच्छीमारांना वजनाने दरवर्षी सरासरी 10 टक्के निव्वळ फायदा होत होता. बाहेर येणारी शेवंडे संख्येने फार नव्हती, पण आकाराने मोठी होती.

दुसरी वाट पिल्लांची. ही जास्त महत्त्वाची आणि डोळ्यांना न दिसणारी. बहुतेक माशांची अंडी आणि अळ्या दिवसचे दिवस, कधी कित्येक आठवडे प्रवाहाबरोबर वाहत जातात. कोणाचे पिल्लू कुठे रुजले हे पूर्वी सांगता येत नसे. आता माशांची पालकत्व-चाचणी करता येते. ऑस्ट्रेलियाच्या केपेल बेटांजवळ ती केली गेली. खडकाचा केवळ 28 टक्के भाग राखीव होता, पण त्या परिसरात आलेल्या पिल्लांपैकी जवळजवळ निम्मी पिल्ले तिथल्या मोठ्या माशांची असल्याचा अंदाज निघाला. हा अभ्यास 2012 चा. न्यूझीलंडमधले ली हे राखीव क्षेत्र 1975 चे, जगातल्या जुन्यांपैकी एक, आणि आकाराने जेमतेम पाच चौरस किलोमीटर. तरीही आसपासच्या सुमारे 400 चौरस किलोमीटरमधल्या स्नॅपरच्या नव्या पिल्लांपैकी साधारण दहावा हिस्सा त्या क्षेत्रातल्या माशांचा निघाला.

देवराईतले बी वाऱ्याने आणि पाखरांनी आजूबाजूच्या माळावर जाते, तसे हे आहे. फरक इतकाच, की देवराईची झाडे तरी दिसतात. इथे आपल्या जाळ्यातला मासा कुठल्या राखीव पाण्यात जन्मला हे तांडेलाला कधीच कळत नाही. म्हणून फायदा घेणाराही 'काही उपयोग नाही' असे प्रामाणिकपणे म्हणू शकतो.

बांगडा, तारली, सुरमई यांना हद्द कुठे कळते?

कळत नाही. ही आपल्याकडची खरी अडचण आहे आणि ती झाकून उपयोग नाही. राखीव क्षेत्राचा लाभ सर्वाधिक होतो तो खडकाला, कपारीला धरून राहणाऱ्या माशांना: गोबरा, तांबोशी, शेवंड, शिंपले. थव्याने शेकडो किलोमीटर फिरणारी बांगड्या-तारलीची मासळी छोट्या चौकोनातून आज आत, उद्या बाहेर अशी जाते. तिच्यासाठी जाळ्याच्या आसाचा, म्हणजे भोकांचा आकार, होड्यांची संख्या आणि पकडायच्या किमान आकाराची मर्यादा हेच मुख्य उपाय.

फिरत्या माशांसाठी बंद जागा दोन परिस्थितींत कामी येते. एक, क्षेत्र प्रचंड असेल तर. हवाईजवळचे पापाहानाउमोकुआकेआ 2016 मध्ये सुमारे 15 लाख चौरस किलोमीटरपर्यंत वाढवले गेले, आणि 2022 च्या अभ्यासात त्याच्या हद्दीजवळ पिवळ्या पराच्या ट्यूनाची पकड, तितक्याच गळांमागे, 54 टक्क्यांनी वाढलेली दिसली. दोन, मासे अंडी घालायला जिथे एकत्र जमतात नेमकी ती जागा राखली तर. केमन बेटांपैकी लिटल केमनजवळ 2001 मध्ये नसाऊ ग्रूपर या गोबऱ्याच्या भाऊबंदाचा सुमारे 7,000 माशांचा मेळा सापडला. दोन हंगामांत त्यातले 4,000 मारले गेले. 2003 मध्ये तिथे बंदी आली. पुढच्या दीड दशकात मेळा पुन्हा सात हजारांच्या आसपास पोचला. दोन हिवाळ्यांत गेलेले परत यायला पंधरा वर्षे लागली.

जागा बंद झाली तर त्या होड्या बाहेर गर्दी करणार नाहीत का?

करतील, आणि हा आक्षेप अगदी रास्त आहे. होड्या तितक्याच, जाळी तितकीच आणि जागा कमी झाली, तर बाहेरच्या पाण्यावर ताण वाढतो. शिवाय हद्दीला खेटून जाळी लावण्याची प्रथा जगभर पडली आहे.

1994 च्या डिसेंबरात अमेरिकेने अटलांटिकमधल्या जॉर्जेस बँक या उथळ भागात सुमारे 17,000 चौरस किलोमीटर पाणी तळाच्या मासेमारीसाठी बंद केले. उद्देश होता कॉड आणि त्यासारख्या माशांना वाचवण्याचा. चार वर्षांत आतल्या स्कॅलप शिंपल्यांचा साठा चौदापट झाला, कारण हा शिंपला फार लांब जात नाही. कॉड मात्र सावरला नाही. जागा तीच, बंदी तीच, आणि फळ जिवाच्या स्वभावाप्रमाणे वेगवेगळे.

गणिती अभ्यास आणखी एक गोष्ट सांगतात, जी राखीव क्षेत्रांच्या समर्थकांनीही मोकळेपणाने सांगायला हवी. जिथे मासेमारी आधीच नीट आवरलेली आहे, तिथे जागा बंद करून एकूण उत्पादन फारसे वाढत नाही, कधी थोडे घटतेही. जिथे अतिमासेमारीने साठा खचला आहे, तिथे फायदा मोठा. आपल्या किनाऱ्यावर लहान पापलेटांचे ढीग लिलावात दिसतात, त्यावरून आपण कोणत्या गटात आहोत हे मला तरी उघड दिसते. 2023 मध्ये आपण पापलेटाला राज्यमासा केले. त्याच्या पिल्लांना मोठे होऊ देण्याचे काम त्यापेक्षा अवघड आहे.

काही राखीव क्षेत्रे साफ फसतात. का?

जगातल्या 87 सागरी संरक्षित क्षेत्रांची पाहणी करून 2014 मध्ये याचे उत्तर शोधले गेले. पाच गुण निर्णायक ठरले: पूर्ण बंदी, कडक राखण, दहा वर्षांहून जास्त वय, शंभर चौरस किलोमीटरहून मोठे क्षेत्रफळ, आणि खोल पाण्याने किंवा वाळूने बाहेरच्या खडकापासून तुटलेले असणे. यातले चार-पाच गुण जमले तिथे मोठ्या माशांचा जैवभार बाहेरच्या पाच पट आणि शार्कचा चौदा पट. पण 59 टक्के क्षेत्रांत एक-दोनच गुण होते, आणि ती मासेमारी होणाऱ्या साध्या पाण्यापेक्षा वेगळी ओळखूच येत नव्हती.

राखणीत माणसे लागतात. 2017 मधल्या दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात, पुरेसे कर्मचारी असलेल्या क्षेत्रांत माशांवरचा परिणाम अपुऱ्या कर्मचाऱ्यांच्या क्षेत्रांपेक्षा सुमारे तिप्पट निघाला. अधिसूचना काढायला एक दिवस लागतो. गस्तीची बोट, तिचे डिझेल आणि तिच्यावरच्या माणसांचे पगार दरवर्षी लागतात, आणि अंदाजपत्रकात नेमके तेच गळते.

लहान क्षेत्राने काही होते का?

होते, पण हद्द जवळ असण्याची किंमत मोजावी लागते. न्यूझीलंडच्या ली क्षेत्रात स्नॅपर टिकला. शेवंडे मात्र खोल पाण्याकडे फिरायला जातात, हद्द ओलांडतात आणि तिथल्या सापळ्यांत सापडतात. सुरुवातीला भरभरून वाढलेली तिथली शेवंडे नंतर पुन्हा घटली.

माशांखेरीज बाकी समुद्राला काय मिळते?

पुन्हा ली क्षेत्रच. तिथे स्नॅपर आणि शेवंडे संपत आली होती तेव्हा काटेरी समुद्री साळू, ज्याला माओरी लोक कीना म्हणतात, बेसुमार वाढले आणि त्यांनी खडकावरचे केल्प शैवालाचे रान खाऊन उजाड केले. बंदीनंतर शिकारी वाढले, साळू कमी झाले आणि रान पुन्हा उभे राहिले. अशा साखळीतल्या बदलांना वेळ लागतो. दीर्घकाळच्या नोंदी सांगतात, की मासेमारीतल्या प्रजातींमध्ये फरक दिसायला सरासरी पाच वर्षे, आणि बाकी जीवसृष्टीत दिसायला सुमारे तेरा.

वादळे आणि तापणारे पाणी यांपुढे राखीव क्षेत्र काय करणार?

थांबवू शकत नाही. आपो बेटाचा राखीव खडक 2011 आणि 2012 च्या डिसेंबरातल्या लागोपाठ दोन चक्रीवादळांनी पार मोडून टाकला. तीस वर्षांची राखण, आणि प्रवाळ काही तासांत चुरा. मासेमारीचा ताण नसेल तर अशा धक्क्यातून उठायची शक्यता वाढते, इतकेच म्हणता येते.

म्हणजे शेवटी भार छोट्या मच्छीमारावरच ना?

बहुतेक वेळा होय, आणि याबद्दल मला मनापासून राग आहे. किनाऱ्यालगतची जागा बंद केली की रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे जाळे, ओढणारा आणि बिगरयांत्रिक होडीवाला अडकतो, कारण त्याला लांब जाता येत नाही. अख्ख्या थव्याला जाळ्याने वेढणारी, मोठ्या इंजिनाची पर्ससीन नौका सहज पुढे निघून जाते. एलईडी दिव्यांनी मासे ओढून घेण्याच्या मासेमारीवर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली. तरीही रात्री क्षितिजावर दिवे दिसतात, आणि बंदीची बैठक मात्र रापणवाल्यांच्या गावात होते. अशा बैठकीत विरोध झाला तर तो अज्ञानातून होतो असे मी मानत नाही.

परदेशातही हे घडले आहे. ब्रिटनने 2010 मध्ये हिंदी महासागरातल्या चागोस बेटांभोवती महाकाय राखीव क्षेत्र जाहीर केले. तिथल्या मूळ रहिवाशांना दशकांपूर्वीच हुसकावले होते, आणि त्यांच्या परतीची वाट या निर्णयाने आणखी अवघड होईल असा आरोप झाला. 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने ती घोषणा बेकायदा ठरवली. याउलट आपो आणि काबो पुल्मो इथे हद्द गावाने मानली आणि राखण गावाने केली. 2022 च्या जागतिक जैवविविधता करारात 2030 पर्यंत 30 टक्के समुद्र राखण्याचे ठरले आहे. टक्केवारी गाठायची घाई झाली तर चागोसची वाट सोपी वाटेल, ही मला भीती आहे.

मालवणच्या अभयारण्याचे काय झाले?

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात मालवण सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झाले. एकूण 29.12 चौरस किलोमीटर, त्यातला गाभा 3.18. स्थानिक मच्छीमारांचा विरोध सुरुवातीपासून राहिला, कारण ज्या पाण्यावर त्यांचे घर चालते त्याबद्दलचा निर्णय वन्यजीव कायद्याखाली, त्यांना बाजूला ठेवून आला. त्यामुळे मालवणवरून 'राखीव क्षेत्राने मासळी वाढत नाही' असा निष्कर्ष काढणे चूक आहे. पूर्ण बंदी आणि राखण हे पहिले दोन गुणच तिथे कधी नीट आजमावले गेले नाहीत.

राखायची जुनी रीत मात्र आपल्याला परकी नाही. महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीचे म्हणून मासे कोणी मारत नाही, आणि हे कुठल्याही अधिसूचनेशिवाय चालते. नदीतली कोंड आणि उघडा समुद्र यांत फरक मोठा आहे, पण गावाने मानलेली हद्द जास्त टिकते हे दोन्हीकडे खरे. किनाऱ्यापासून शंभरहून अधिक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक हा बुडालेला प्रवाळ पठाराचा प्रदेश आहे. तिथे रापणवाला पोचतच नाही. पाच गुणांच्या कसोटीवर अंतराचा आणि आकाराचा गुण तिला आपसूक आहे, आणि छोट्या मच्छीमाराच्या ताटातले काही न काढता राखता येईल अशी ती आपल्याकडची पहिली जागा आहे असे मला वाटते.

बंद केली तर किती वर्षे बंद ठेवायची?

हा प्रश्न बहुतेक 'पाच वर्षांनी उघडू या का?' असा येतो. आकडे भरघोस दिसू लागतात साधारण तेव्हाच, आणि मोह होतो. सुमिलोनला दहा वर्षे साठले ते दोन वर्षांत संपले. म्हणून जी जागा गाव कायमची बंद ठेवायला तयार असेल, तितकीच आखावी, मग ती लहान का असेना. पहिल्या दिवशीच्या मोजणीची वही पंचायतीत ठेवावी आणि दरवर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात, गावच्याच पोरांनी पाण्यात उतरून पुन्हा मोजावे.